कोरियन सून, कोरियन जावई: वाचकांचे प्रश्न

रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्या आणि शिकायला, नोकरीला सोलला जाणारी मराठी मुलंमुलीही वाढली. त्यातून जुळलेल्या लग्नांबद्दल बरीच पत्रं आली. या वेळचं पान त्यांच्यासाठी. सगळी पत्रं कोरियन जोडीदार इकडे येऊन राहणार असलेल्या घरांतली आहेत. उत्तरं तिघांनी मिळून दिली आहेत: परदेशी नागरिकांच्या कागदपत्रांचं काम करणारे एक जण, एक कोरियन भाषाशिक्षिका आणि एक आहारतज्ज्ञ.

प्रश्न: मुलाचं लग्न कोरियन मुलीशी ठरलंय. गुरुजी म्हणतात, मुहूर्त डिसेंबरचा धरा. कागदपत्रांना किती वेळ लागतो? आधी काय करायचं? (पिंपरी-चिंचवड)

मुहूर्ताआधी विवाह अधिकाऱ्यांची तारीख बघा. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागायला दोघंही हिंदू असावे लागतात. त्यामुळे तुमच्याकडे मार्ग आहे तो 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेला हवा. त्यानंतर नोटीस द्यायची, नोटिशीला 30 दिवस पूर्ण होऊ द्यायचे आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर सही करायची. तीन महिने उलटले की नोटीस बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. मांडवातलं लग्न नोंदणीच्या आधी करा की नंतर, कायद्याच्या दृष्टीनं तारीख नोंदणीची.

मुलीकडचे कागद अडतात ते एकाच कारणानं. आपल्या कार्यालयात 'जन्मदाखला' आणि 'अविवाहित असल्याचा दाखला' मागतात. कोरियात या दोन नावांचे वेगळे दाखले रूढ नाहीत. तिथं व्यक्तीच्या नोंदीतून निरनिराळे उतारे मिळतात. जन्माच्या तपशिलासाठी 'मूलभूत' उतारा, आईवडिलांच्या नावांसाठी 'कौटुंबिक संबंधां'चा उतारा, आणि लग्न झालंय की नाही हे दाखवणारा 'वैवाहिक संबंधां'चा उतारा. तिन्ही 'तपशीलवार' प्रकारात काढायला सांगा, संक्षिप्त उताऱ्यात जुनी नोंद दिसत नाही म्हणून तो परत येतो. मग इंग्रजी भाषांतर, नोटरी आणि कोरियातलं अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का. दोन्ही देश अपोस्टिल करारात असल्यानं वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. कागद फार आधी काढून ठेवू नका, इथले अधिकारी ताजे उतारे मागतात.

लग्न झालं की तीन महिन्यांच्या आत मुंबईतल्या कोरियन वकिलातीत त्याची नोंद करायची. हे राहून गेलं तर कोरियाच्या दफ्तरी मुलगी अविवाहितच राहते, आणि पुढे बाळाची नोंद करताना ते आडवं येतं. कायदेशीर लग्न एकाच देशात करा, दुसरीकडे फक्त नोंद. दोन देशांत दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं तयार झाली की पुढच्या प्रत्येक अर्जात खुलासा लिहीत बसावं लागतं.

पुढे व्हिसा. भारतीयाच्या जोडीदाराला 'एक्स' म्हणजे प्रवेश व्हिसा मिळतो. तो 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. अर्ज त्या कार्यालयाच्या ई-एफआरआरओ संकेतस्थळावर होतो. आणखी एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात. घर स्वतःचं असलं तरी परदेशी व्यक्ती राहायला आली की यजमानानं 24 तासांत तसं नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं (पूर्वीचा 'फॉर्म सी'). तिचे आईवडील पर्यटक व्हिसावर भेटायला आले तरी हेच.

लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डाला, अर्ज करता येतो. ते मिळालं की व्हिसाची नूतनीकरणं आणि नोंदणीच्या खेपा संपतात, नोकरी करता येते. मतदान आणि सरकारी नोकरी नाही. गावाकडे शेती असेल तर हेही ऐकून ठेवा: ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही, वारसानं मात्र येऊ शकते. कौतुकानं सुनेच्या नावे अर्धा एकर करायला निघालेले सासरे तलाठ्याकडून हात हलवत परत येतात.

प्रश्न: लग्नात सुनेचं नाव बदलायचं आमच्याकडे आहे. तिला 'मीनाक्षी' आवडलंय. गॅझेट करावं का? (सातारा)

तांदळात अंगठीनं लिहा, घरात त्याच नावानं हाक मारा, गॅझेट करू नका. कोरियात लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलत नाही. पासपोर्टवर जन्माचंच नाव राहतं आणि तिचा व्हिसा, ओसीआय, बँक, पॅन सगळं पासपोर्टवर चालतं. इथं एक कागद 'मीनाक्षी अमुक तमुक' झाला की बाकीच्या सगळ्यांशी त्याची गाठ सुटते.

खरी गडबड दुसरीच आहे. कोरियन नाव बहुधा एका अक्षरगटाचं आडनाव आणि दोन अक्षरगटांचं नाव असं असतं. समजा किम मिन जी. यात 'मिन जी' हे एकच नाव आहे. आपल्या अर्जात मात्र तीन रकाने: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. भरणारा कारकून 'मिन' नाव धरतो, 'जी' मधलं नाव करतो, किंवा 'जी' गाळून तिथं नवऱ्याचं नाव घालतो. मग पॅनवरची मिन, बँकेतली मिन जी आणि गॅस जोडणीतली मिन राहुल अशा तीन बायका तयार होतात. उपाय सोपा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सर्वांत खाली बाणांच्या खुणांची ओळ असते, तिच्यात जसं आहे तसंच सगळीकडे भरा आणि मधलं नाव रिकामं सोडा. मधलं नाव सक्तीचं दाखवणारा संगणक असेल तर कागदी अर्ज मागा. पॅनसाठी परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा आहे, भारतीयांचा भरू नका. आधारसाठी अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात काढायला जाऊ नका.

प्रश्न: सून जेमतेम जेवते. पोळी-भाजी खाते, पण तोंडावरून कळतं. किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) घरी करायला गेलो तर दोन दिवसांत आंबट ढाण झाली आणि फ्रीजभर वास. आम्ही शाकाहारी आहोत. काय करावं? (नाशिक)

आधी भात, मग किमची. कोरियन माणसाचं जेवण भाताभोवती फिरतं आणि तो भात चिकट, किंचित चमकदार लागतो. बासमती किंवा कोलमचा मोकळा फडफडीत भात तिला कच्चा वाटतो. यावर आपल्याकडचं उत्तर मावळातला इंद्रायणी. तीन पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवून निथळा. नव्या तांदळाला वाटीला सव्वा वाटी पाणी, जुन्याला दीड. मीठ नाही, तूप-तेल नाही. मंद आचेवर झाकून शिजवा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. आणि हो, कोरियन लोक भात चमच्यानं खातात, काड्या असतात त्या तोंडीलावण्यांसाठी. तेव्हा ताटाशी चमचा ठेवा आणि 'हातानं खाऊन बघ की' हे आठवड्यातून एकदाच म्हणा.

किमचीचं गणित तापमानाचं आहे. कोरियातल्या कृतीत 'एक-दोन दिवस बाहेर ठेवा' असतं ते अठरा-वीस अंशांच्या घरासाठी. नाशिकच्या एप्रिलमध्ये तेच दोन दिवस म्हणजे चारपट काम.

दोन किलो चायनीज कोबी घ्या. लांबट, पांढऱ्या देठाचा, हिवाळ्यात चांगला मिळतो. आपला गड्डा कोबी चालतो पण चव वेगळी. उभे चार भाग करा. दोनशे ग्रॅम खडे मीठ घ्या. त्यातलं अर्धं मीठ एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोबी बुडवून काढा, उरलेलं अर्धं पानांच्या बुडाशी, जाड देठाकडे, पसरा. तीस अंशांत चार-पाच तास पुरतात, थंडीत सहा-आठ. मधे एकदा उलटा. पांढरा देठ वाकवला तर न मोडता वाकायला हवा. 'कट्' झाला तर अजून वेळ आहे. मग तीन वेळा धुऊन तासभर निथळू द्या. या निथळण्यात घाई केली की मसाला पाणचट होऊन खाली बसतो.

मसाल्याला दीड चमचा इंद्रायणीचं पीठ दीड कप पाण्यात शिजवून पेज करा, गार होऊ द्या. त्यात शंभर ग्रॅम मिरचीचा चुरा, साठ ग्रॅम लसूण, पंधरा ग्रॅम आलं, एक किसलेलं नासपती किंवा सफरचंद. कोरियन मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते, तिच्या जागी ब्याडगी. बिया काढून कडकडीत वाळवा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. कांदालसूण मसाल्यासारखी बारीक पूड झाली तर किमचीचा चिखल होतो. मूळ कृतीत मासळीचा अर्क असतो. तुम्ही वाळलेले शिटाके मशरूम आणि केल्पचा (जाड समुद्री शेवाळाचा) तुकडा उकळून केलेलं पाणी आणि दोन चमचे सोया सॉस घाला. मुळ्याच्या काड्या तीनशे ग्रॅम, पातीचा कांदा मूठभर. सगळं पानापानांत चोळा.

बरणी पाऊण भरा. वायू सुटतो, गच्च भरलेली बरणी रस ओकते आणि तुम्ही म्हणता तो फ्रीजभर वास तिथूनच येतो. उन्हाळ्यात दहा-बारा तास, पावसाळ्यात साधारण एक दिवस, डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस बाहेर. रसात बुडबुडे दिसले की फ्रीजमध्ये. वर पांढरा पातळ थर आला तर पानं रसाबाहेर राहिली होती, तेवढा काढून टाका. पानं बुळबुळीत झाली तर मीठ कमी पडलं किंवा उष्णता जास्त झाली, ती फेका. एका डब्याच्या आत दुसरा डबा ठेवला तर वास कोंडतो. जमलं तर पन्नास लिटरचा छोटा फ्रीज तिच्या खोलीत ठेवा. त्यात काय ठेवायचं हे तिनं ठरवावं, यात किमचीपलीकडचाही फायदा आहे.

एक सूचना खास शाकाहारी घरासाठी. कोरियन नूडल्सच्या पुष्कळ पाकिटांत मसाल्याच्या पुडीत गोमांसाचा अर्क असतो, चित्रात नुसत्या मिरच्या असल्या तरी. भारतासाठी छापलेल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. तिकडून येणाऱ्या पार्सलबद्दल सुनेला आधीच सांगा. नंतर सासूबाईंना कळण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न: सोलला उणे दहा असतं म्हणे, आणि आमच्या पुण्यातल्या बारा अंशांत ही मुलगी कुडकुडते. आजारी तर नाही ना? (पुणे)

नाही. कोरियात थंडी दाराबाहेर असते. घराची फरशी खालून तापवलेली असते, लोक त्यावरच बसतात, झोपतात. आपल्याकडे बाहेर बारा तर आतही पंधरा-सोळा, आणि पायाखाली गार टाइल्स. सतरंजीवर विजेची गरम चटई घाला, घरात घालायच्या चपला द्या.

आजाराकडे लक्ष द्यायचं ते वेगळ्या ठिकाणी. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच हिपॅटायटिस ए होऊन गेलेला असतो. तिशी-चाळिशीतल्या कोरियनांना तो झालेला नसतो, कारण त्यांच्या लहानपणी तिथलं पाणी सुधारलं होतं. म्हणून येण्याआधी त्याची लस (दोन डोस, सहा ते बारा महिन्यांच्या अंतरानं) आणि टायफॉइडची लस घ्यावी. पहिले दोन-तीन महिने बाहेरची चटणी, उसाचा रस, वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर टाळा. गरम भजी चालतील, चटणी नाही.

प्रश्न: मराठी शिकवायला कुठून सुरुवात करावी? 'गाडी' म्हणायला सांगितलं तर 'काडी' म्हणते. (कोल्हापूर)

वाक्याची रचना शिकवण्यात वेळ घालवू नका, ती तिला येते. कोरियनमध्येही कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. नामाला मागून प्रत्यय लागतात, मोठ्यांसाठी क्रियापद बदलतं. 'मी आईंना चहा देते' हा क्रम तिला इंग्रजीपेक्षा सोपा जातो. अडतात तीन गोष्टी: उच्चार, लिंग आणि घरचे लोक.

कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ग' घोष राहत नाही, तो 'क'कडे झुकतो. तसंच 'बाई'चं 'पाई', 'दार'चं 'तार'. पण दोन स्वरांच्या मध्ये आला की तोच ध्वनी आपोआप 'ग' होतो. म्हणून सुटा शब्द घोकून घेऊ नका. 'ही गाडी', 'माझी बाई', 'हे दार' असं म्हणून घ्या, नीट येईल. महिनाभरानं आधी जोडलेला 'ही', 'माझी', 'हे' काढून टाका. घ, झ, ध, भ यांना वेळ लागतो. ट आणि त मधला फरक आधी ऐकू यायला हवा, बोलणं नंतर.

लिंग कोरियनमध्ये नाहीच. नियम सांगण्यापेक्षा प्रत्येक नामाबरोबर तो, ती, ते जोडूनच द्या: तो चमचा, ती वाटी, ते ताट. फ्रीजवर, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या तर त्यावरही असंच लिहा.

आणि घरचे लोक: नवरा इंग्रजी, सासरे हिंदी, कामाच्या मावशी कोल्हापुरी. तीन भाषा एकदम कानावर पडल्या की एकही बसत नाही. रात्रीचं जेवण फक्त मराठीत, असं ठरवा आणि पाळा. कोरियन कानाला स्वरातला मान लगेच कळतो. 'काय गं, झोपलीस का?' हे प्रेमानं विचारलंय की रागानं, हे मात्र कळायला वर्ष लागतं, विशेषतः कोल्हापुरात.

प्रश्न: मी मराठी, नवरा कोरियन. सोलला त्याला चांगली नोकरी होती, माझ्या आईवडिलांसाठी इकडे आलो. तो सहा महिने घरी बसून आहे. नातेवाईक 'घरजावई' म्हणून हसतात. (पुणे, बाणेर)

हसणाऱ्यांना तुम्ही थांबवायचं आहे, त्यानं नाही. कोरियन समाजात पुरुषाला ओळख कंपनी आणि हुद्द्यावरून मिळते. पहिल्या भेटीत लोक कार्ड देतात, तेही दोन्ही हातांनी. कार्डच नसलेला माणूस तिथं जवळजवळ अदृश्य असतो. त्यामुळे रिकाम्या दिवसांचा त्रास त्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त होतो.

एक्स व्हिसा आपोआप नोकरीची परवानगी देत नाही, आधी नोंदणी कार्यालयाला विचारा. 'लॅपटॉपवर कोरियन कंपनीचं काम केलं तर कोणाला कळतंय' हा सल्ला अनेक जण देतील. घेऊ नका. व्हिसाचा प्रश्न राहतोच, शिवाय आर्थिक वर्षात 182 दिवस इथं राहिला की तो कराच्या दृष्टीनं निवासी होतो आणि भारतात बसून केलेल्या कामाच्या पगारावर इथं कर लागतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार दोन देशांत आहे, पण त्याचा फायदा विवरणपत्र भरणाऱ्यालाच मिळतो.

नोकरीच्या व्हिसाला साधारण सव्वासोळा लाख रुपये वार्षिक पगाराची अट असते, त्यातून अनुवादक आणि इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणारे वगळलेले आहेत. तळेगावला ह्युंदाईचा, रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, त्यांना सुटे भाग पुरवणारे कितीतरी जण आसपास. कोरियन आणि इंग्रजी दोन्ही येणारा, त्यात मोडकं मराठी बोलणारा माणूस त्यांना हवा असतो. हा व्हिसा बहुधा सोलच्या भारतीय दूतावासातून घ्यावा लागतो, म्हणून एका फेरीचा खर्च धरा. लग्नाची दोन वर्षं भरत आली असतील तर ओसीआयची वाट पाहणं स्वस्त.

तोवर त्याला रविवारी सिंहगडावर घेऊन जा. अतिशयोक्ती नाही, डोंगर चढणं हा कोरियनांचा राष्ट्रीय छंद आहे आणि उतरल्यावर भज्यांसारखा पातीच्या कांद्याचा घावन खायचा तिकडे रिवाज. पिठलं-भाकरी त्याला समजावून सांगावी लागणार नाही. पाहुण्यांसमोर तो गप्प बसला तर वय सांगून ओळख करून द्या. समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय कोरियन माणसाला बोलायचं कसं ते ठरवता येत नाही.

प्रश्न: सून बाळंत होणार आहे. तिची आई येणार आहे. बाराव्या दिवशी बारसं आणि शंभर माणसं. विहीणबाई ऐकूनच घाबरल्या. (सांगली)

दोन्हीकडच्या आज्या ज्यावर एकमतानं भांडतील अशा गोष्टी कमी नाहीत: बाळंतिणीनं गार पाणी पिऊ नये, पाय उघडे टाकू नयेत, वारा लागू देऊ नये. इथं तुमचं जमेल. फरक पाहुण्यांचा. कोरियन रीतीत पहिले एकवीस दिवस बाहेरच्या माणसानं बाळंतिणीच्या घरात यायचं नाही, पूर्वी दारावर गवताचा दोर बांधून तसं जाहीर करत. म्हणून बाराव्या दिवशी घरातल्या पाच जणींत नाव ठेवा आणि मोठं बारसं शंभराव्या दिवशी करा. तो दिवस कोरियातही साजरा होतो. विहीणबाईही खूष आणि बाळाच्या डॉक्टरांचाही विरोध नाही.

त्या वाळलेलं समुद्री शेवाळ घेऊन येतील. त्याचं सूप बाळंतिणीला देतात, आपल्या अळिवाच्या खिरीच्या जागी. दोघांना दहा ग्रॅम पुरे, भिजून दसपट होतं. वीस मिनिटं भिजवा, चिरा, तिळाच्या तेलात परता, सोया सॉस आणि पाणी घालून अर्धा तास उकळा. मांसाहारी घरात कोकणातल्या तिसऱ्या घाला, अप्रतिम लागतं. मात्र त्यात आयोडीन भरपूर असतं. कोरियात दिवसातून तीनदा पितात, तुम्ही एकदाच द्या, आणि थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डिंकाचा लाडू दिवसाला एक, आग्रह नाही. मोठ्यांना नाही म्हणणं तिला उद्धटपणा वाटतो, म्हणून ती तीन खाईल आणि रात्री पोट धरून बसेल. बाळाला धुरी आणि मध दोन्ही नको. हे विहीणबाई सांगण्याआधी तुम्हीच सांगा.

बाळाच्या पासपोर्टचं आत्ताच ठरवा. आई कोरियन असल्यानं जन्मतः कोरियन नागरिकत्व लागतं, आणि भारतात जन्मल्यामुळे, वडील भारतीय असल्यानं, भारतीयही. भारत दोन पासपोर्ट चालू देत नाही. मुलगा झाला तर कोरियन नागरिकत्व सोडायचं असल्यास ज्या वर्षी तो अठराचा होईल त्या वर्षीच्या 31 मार्चच्या आत सोडावं लागतं. ती तारीख हुकली तर सक्तीच्या लष्करी सेवेचा प्रश्न सुटेपर्यंत ते साधारणपणे सोडता येत नाही. तारीख जन्मदाखल्याच्या मागेच लिहून ठेवा.

प्रश्न: गणपतीत सगळे आनंदात आणि नेमकी तेव्हाच सून रडवेली. का? (ठाणे)

पंचांग बघा. कोरियाच्या सर्वांत मोठ्या कौटुंबिक सणांपैकी एक, चुसक, आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. 2024 मध्ये तो 17 सप्टेंबरला, नेमका अनंत चतुर्दशीच्या दिवशी होता. 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला, कोजागिरीला. त्या दिवशी तिकडे सगळं घर एकत्र जमतं, पूर्वजांना नव्या धान्याचं ताट मांडतात, आणि ती इथं ढोलताशात. आदल्या दिवशी तांदळाच्या पिठाची, तीळ-साखरेचं सारण घातलेली अर्धचंद्राकृती उकडलेली मोदकं करतात. पीठ मळायची पद्धत तुम्हाला येतेच. उकडताना ते पाइनच्या पानांवर ठेवतात, तुम्ही हळदीच्या पानावर ठेवा. आणि व्हिडिओ कॉल सकाळी साडेपाचला लावा, तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात.